सालखपरीच्या मागे मागे

पद्मजा नंदेश्वर पाच-सहा वर्षांची असेल, तेव्हाची गोष्ट. तिचे वडील लहानू रायपूरच्या गुढियारीला मालधक्क्यावर रेल्वेत खलाशी होते. एका दुपारी ते घरी आले, ते शर्टाच्या आत काहीतरी वळवळतं घेऊन. शेळीचं करडू होतं. जनावरांच्या वॅगनमधून खाली पडलेलं, नाळसुद्धा अजून ओली. गाडी निघून गेली, गाडीबरोबर त्याची आई गेली, आणि हे रुळांच्या मधोमध बें बें करत उरलं. शेवंताबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग करडाकडे.

"घ्या! घरात माणसाले जागा नाही अन् हे बकरी घेऊन आले," असं म्हणता म्हणता त्यांनी पदराचं टोक दुधात बुडवून करडाच्या तोंडात दिलंसुद्धा.

ते करडू जगलं, वाढलं, व्यालं. पुढे क्वार्टरच्या मागच्या अंगणात शेळ्यांचा असा गोतावळा झाला की सगळ्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, नंदेश्वरांचं घर विचारायचं तर लोक म्हणत, "वो बकरीवाले मराठी? नाक सीधा रखो, पहुँच जाओगे." पद्मजाचा अभ्यास शेळ्यांतच व्हायचा. पुस्तक मांडीवर, पाठीला टेकलेली एखादी गाभण शेळी, आणि पलीकडे शंटिंग करणाऱ्या इंजिनाची लांबलचक शिट्टी. शेवंताबाई एकच गोष्ट शिकवत. "पोट भर त्याचं. पोट भरलं का जनावर आपलं होते."

पद्मजा पशुवैद्यक शिकली. पाऱ्यातली पहिलीच पोट्टी तशी. निकालाच्या दिवशी लहानूंनी विहारात सगळ्यांना पेढे वाटले आणि घरी येऊन शेळ्यांनाही एकेक चारला. मग रायपूरच्याच कृषी महाविद्यालयात ती पशुपालनाची व्याख्याती झाली. चारा, खुराक, दूध, वेत, गोठ्याची हवा, हा तिचा विषय. आवाज खणखणीत, फळ्यावर अक्षर गोल. दरवर्षी पहिल्या तासाला ती आपल्या मायचं ते वाक्य सांगायची आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

मग नवं राज्य झालं. एका सकाळी महाविद्यालयाच्या पाटीवर मध्य प्रदेशाच्या जागी छत्तीसगड आलं, आणि रायपूर बसल्या जागी राजधानी झालं. शहराला एकदम उंच होण्याची घाई लागली. लहानू तोवर गेले होते. पद्मजाने लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं कधी ठरवलं नव्हतं, फक्त राहून गेलं. तिने तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला फ्लॅट घेतला आणि मायला तिथे आणलं. तिसऱ्या मजल्यावर शेळी ठेवता येत नाही, ही गोष्ट शेवंताबाईंनी राज्याच्या नव्या सरकारला कधी माफ केली नाही.

जंगली जनावराशी पद्मजाचा पहिला संबंध आला तो एका चितळाच्या पाडसामुळे. वनखात्याच्या लोकांनी आणून दिलं. आई नव्हती, आणि दूध पाजायला "जनावरवाल्या मॅडम" सोडून कुणाचं नाव त्यांना सुचलं नाही. पद्मजाने त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. शेवंताबाई महाविद्यालयाच्या गोठ्यात रोज रिक्षा करून येऊ लागल्या. त्यांनी त्याचं नाव सोनी ठेवलं. टाळी वाजवली की सोनी धावत यायची, पदर चघळायची. मोठी झाल्यावर तिला जंगलात सोडलं, तेव्हा मायलेकी दोघी रडल्या. पावसाळा संपायच्या आत निरोप आला. सोनी जंगलाकाठच्या एका गावात शिरली होती. कुणाच्या तरी अंगणात टाळी वाजली असावी. ती त्या दिशेने गेली, आणि गावातल्या कुत्र्यांनी तिला गाठलं.

त्या वर्षी पहिल्या तासाला पद्मजाने मायचं वाक्य सांगितलं, पण सांगताना मध्येच थांबली. मुलांना वाटलं, मॅडम खडू शोधतायत.

काही वर्षं अशीच गेली. अधूनमधून कुणी पंख मोडलेला बगळा आणी, कुणी पाय अडकलेला कोल्हा. ती उपचार करायची, पण जनावर बरं होताच हात आखडता घ्यायची. आणि मग, नवी राजधानी शहराच्या पूर्वेला उभी राहू लागली होती त्या दिवसांत, एका हिवाळ्याच्या सकाळी वनरक्षक बिसाहू एक गोणपाट छातीशी धरून तिच्या दारात आला.

"मॅडम, भनपुरीत एका ट्रकमधून पकडली," तो म्हणाला. "सालखपरी हे. कछु नइ खावत."

सालखपरी म्हणजे खवल्या मांजर. खपरी म्हणजे कौल. अंगभर घराच्या कौलांसारखे खवले, एकावर एक शाकारलेले. पोत्यातून निघाला तो एक घट्ट, थंड गोळा. तोंड नाही, डोळा नाही, शेपूट कुठे संपते आणि पाठ कुठे सुरू होते ते कळत नाही. पद्मजाने आयुष्यभर जनावरांची तोंडं पाहिली होती. या जनावराने तोंडच लपवलं होतं.

तिने आपलं सगळं शास्त्र त्या गोळ्यासमोर मांडलं. दूध ठेवलं, अंडं फेटून ठेवलं, खिमा ठेवला, मुंग्यांची अंडी आणून ठेवली. वाडगे होते तसे राहिले. संध्याकाळी गोळा उलगडायचा, एक लांबट नाजूक तोंड बाहेर यायचं, मण्याएवढे डोळे मिचकावत जनावर भिंतीपाशी जायचं आणि पुढच्या नखांनी सिमेंट खरवडत राहायचं. वाडग्याकडे ढुंकूनही नाही.

शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पाठवू, निदान लोक बघतील तरी, असं वनखात्यातल्या एका अधिकाऱ्याने फोनवर सुचवलं. पद्मजा म्हणाली, "साहेब, चार दिवस बघतील. मग काय बघतील?" अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "मग तुम्हीच सांगा काय करायचं." ते तिलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती बिसाहूला म्हणाली, "भैया, इसको बाहर ले चलते हैं. चलके देखे तो सही, कहाँ जाती है."

नवी राजधानी तेव्हा राजधानीचं नुसतं स्वप्न होतं. तेलीबांध्यावरून पूर्वेला निघालं की शहर संपायचं, आणि मग माळावर अचानक रुंदच्या रुंद रस्ते सुरू व्हायचे. गुळगुळीत, काळेभोर, सहा-सहा गाड्या शेजारून धावतील एवढे. पण गाडी एकही नाही. दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, आणि खांबांपलीकडे गुडघाभर गवत. सेक्टरांच्या पाट्या होत्या, सेक्टर नव्हते. चौकात सिग्नल होता, तो कुणीच नसताना लाल व्हायचा, कुणीच नसताना हिरवा.

दिवस कलताना त्यांनी पेटीचं झाकण उघडून ती गवतात आडवी ठेवली. बराच वेळ काही नाही. मग गोळा सैल झाला. जनावर बाहेर आलं, मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, पुढचे पंजे छातीशी धरून, एखादी म्हातारी गर्दीत कुणाला शोधते तसं. हवा हुंगली. आणि चालू लागलं.

पद्मजा मागे, बिसाहू तिच्या मागे. सालखपरी डुलत डुलत निघाली, शेपटीचं टोक जमिनीवर घासत. एका वारुळापाशी थांबली. नखांनी एकच फटका मारला, आणि आत जीभ गेली. किती लांब जीभ ती! ओल्या दोऱ्यासारखी, आत बाहेर, आत बाहेर. पद्मजा खाली बसली. खाण्याचा बारीक आवाज येत होता, दूर कुणी कागद चुरगाळावा तसा. त्याच क्षणी त्या रिकाम्या रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम लागले, पार क्षितिजापर्यंत. बिसाहूने हात जोडले. कुणाला जोडले, ते त्याने सांगितलं नाही.

तेव्हापासून रोजचा हाच क्रम झाला. सकाळी महाविद्यालयात तास, दुपारी गोठा, आणि ऊन उतरलं की पेटी जीपमध्ये टाकून राजधानीकडे. दिवसा सालखपरी महाविद्यालयाच्या जुन्या शेडमध्ये मातीने भरलेल्या पेटीत झोपायची. संध्याकाळी ती नेईल तिकडे पद्मजा जायची. आयुष्यात पहिल्यांदा जनावर पुढे होतं आणि ती मागे. काय खायचं, किती खायचं, कुठे वळायचं, काहीच तिच्या हातात नव्हतं. सुरुवातीला याचा तिला त्रास झाला. मग हळूहळू त्यातच एक गुंगी चढू लागली. धुकं जमिनीलगत सरपटत यायचं, गवताला ओल सुटायची, दूर उरलेल्या एखाद्या गावातून चुलीचा धूर यायचा. चालता चालता तिला वाटायचं, हे शहर अजून कुणी बांधलेलंच नाही. किंवा बांधून, राहून, लोक कधीचेच निघून गेलेत, आणि आपण दोघी तेवढ्या मागे राहिलो आहोत.

ती जनावराशी बोलायची नाही. हात लावायचा तो फक्त पेटीत ठेवताना. सोनीची आठवण होती.

"नाव काय ठेवलं व तिचं?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नाही ठेवलं, माय."

"काहून?"

"नाव ठेवलं का हाक माराविशी वाटते."

शेवंताबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मले दाखवशील का? मी बोलणार नाही. बुद्धाची शपथ."

एका संध्याकाळी त्यांनाही नेलं. सहा गाड्यांच्या रस्त्याच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, शाल गुंडाळून त्या बसल्या. सालखपरी त्यांच्या समोरून गेली, खुर्चीच्या पायाशी थांबली, त्यांच्या वहाणेचा वास घेतला आणि रस्ता ओलांडून पलीकडे उतरली. आयुष्यभर जनावरांशी बोलत आलेल्या त्या बाईच्या तोंडातून शब्द फुटला नाही. घरी जिना चढताना त्या म्हणाल्या, "आपल्या पाऱ्यात एक आजी होती. तशीच चालत जाये."

थंडीच्या शेवटी सालखपरी भरू लागली. वजन वाढलं, अंग गोल झालं. पद्मजाला मनातून फार अभिमान वाटला. महाविद्यालयात कुणी विचारलं की ती म्हशीबद्दल सांगावं तसं सांगायची, "अंग धरलंय आता. लवकरच सोडायजोगी होते बघा."

आणि एका संध्याकाळी ती नाहीशी झाली.

नव्या रस्त्याच्या कडेला सांडपाण्याचे मोठे पाइप टाकण्यासाठी भराव केला होता. सालखपरी त्या भरावाशी गेली, माती उकरायला लागली, आणि बघता बघता आत शिरली. आधी डोकं, मग पाठ, मग शेपूट. आतून मातीचा बांध घालून तिने दारही लावून घेतलं. दोघं थांबले. अंधार पडला, तरी ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पद्मजा बिसाहूला घेऊन तिथे पोचली, तर समोरून जेसीबी येत होता. त्याच्यापुढे पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण सुपरवायझर. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, अनिमेष वैद्य.

"मराठी का हो तुम्ही?" पद्मजाने विचारलं.

"समझता हूँ, मॅडम. मम्मी वर्धा की है. बोलना नहीं आता."

"मग ऐका. या भरावात एक जनावर आहे. आज इथं खोदू नका."

"मॅडम, मेरे ऊपर भी कोई है."

"माझ्याकडं वनखात्याची परवानगी आहे, हा वनरक्षक आहे. पण कागद दाखवून थांबवायचं नाही मला. तुम्ही स्वतः थांबा."

अनिमेषने भरावाकडे पाहिलं. तिथे नुसतं एक बुजलेलं भोक होतं. "है क्या अंदर?"

"सालखपरी."

त्याने ती कधी पाहिली नव्हती. पण वर्ध्याच्या आजोळी आजीने खवल्या मांजराच्या गोष्टी सांगितल्या होत्या, ज्याला पाहिलं की माणूस वाट विसरतो अशा. तो हसला, हेल्मेट काढून डोकं खाजवलं आणि जेसीबीवाल्याला म्हणाला, "उधर वाला हिस्सा पहले ले ले. इधर का बाद में देखते हैं."

त्या संध्याकाळी मातीचा बांध आतून हलला. सालखपरी बाहेर आली. पण चाल वेगळी होती. हुंगणं नाही, रेंगाळणं नाही. सरळ जवळच्या वारुळावर गेली, घाईघाईने खाल्लं आणि तोंड भोकाकडे वळवलं. पोट एकदम उतरलं होतं. पद्मजा चरकली. आजारी पडली का? ती जवळ सरकली, गुडघ्यावर बसली, टॉर्चवर ओढणी धरून मंद उजेड टाकला. सालखपरी उभी राहून हवा हुंगत होती. पुढच्या पायांच्या आत, छातीवर, दोन सड. फुगलेले, ओले.

पद्मजा किती वर्षं गाईम्हशींच्या कासा बघत आली होती. तिला दुसरं काही बघावं लागलं नाही. ती मागे बिसाहूकडे वळली, आणि इतके महिने संध्याकाळी बोलायची तशाच कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "भैया, दुधावर आली आहे ही. व्यालीये."

बिसाहूला मराठी सगळं कळलं नाही. पण एवढं कळलं.

आपण रोज बाहेर नेऊन जिला धष्टपुष्ट केलं असं पद्मजाला वाटत होतं, ती मुळात गाभण होती. या गोष्टीचं तिला रस्त्यावर बसल्या बसल्या इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. घरी सांगितलं तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, "डॉक्टर झाली अन् पोट ओळखता नाही आलं तुले?" आणि त्याही हसत सुटल्या.

अनिमेषने तो तुकडा शेवटपर्यंत राखला. वर विचारणा झाली तेव्हा, तिथली माती अजून बसली नाही असं काहीसं सांगितलं. तो स्वतः संध्याकाळी काम संपल्यावर लांब उभा राहू लागला, मोटरसायकल बंद करून. आणि फाल्गुनातल्या एका संध्याकाळी, हवेत मोहाच्या फुलांचा जडसर गोड वास असताना, सालखपरी बाहेर आली ती शेपटीवर एक ओझं घेऊन. फिकट, मऊ खवल्यांचं पिल्लू, आईच्या शेपटीच्या मुळाशी चिकटलेलं, डोळे मिटून. आई डुलत चालली होती आणि ते तिच्याबरोबर डुलत होतं. अनिमेषने मोबाइल काढला, हातात धरला, आणि तसाच खिशात ठेवला.

पुढचं पटकन झालं. पिल्लाने थोडं अंग धरल्यावर दोघांना महानदीपलीकडच्या जंगलात नेलं. वारुळं भरपूर, माणूस कमी, अशी जागा बिसाहूने आणि त्याच्या सोबत्यांनी आधीच हेरली होती. मावळतीला पेटी उघडली. आई बाहेर आली, पिल्लू पाठीवर. उभी राहिली, हुंगलं आणि निघाली. पद्मजाचे पाय सवयीने दोन पावलं पुढे गेले. मग थांबले. सुकलेल्या पानांवर शेपटी घासल्याचा आवाज लांब लांब जात राहिला. तो थांबला की आपल्याला ऐकू येईनासा झाला, हे तिला कळलं नाही.

नंतरचे काही महिने तिला कठीण गेले. ऊन उतरलं की जीव बेचैन व्हायचा. कधी कधी ती उगाच राजधानीकडे जाऊन यायची. तिथे आता इमारती उभ्या राहत होत्या, खिडक्यांत दिवे दिसू लागले होते, चौकातल्या सिग्नलला कुणी थांबतही होतं. सांडपाण्याची लाइन पूर्ण झाली होती.

पण काम वाढलं. महाविद्यालयाने ती जुनी शेड तिला देऊन टाकली. वनखात्याची माणसं दूरदुरून जनावरं आणू लागली. अस्वलाचं पिल्लू आलं, उदमांजर आलं, विजेच्या तारेला लागलेली घुबडं आली. पद्मजा विद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी शिकवू लागली. सकाळी गाय माणसाळवायची कशी, आणि दुपारी जंगलातल्या जनावराला माणूस विसरायला कसं लावायचं. काही जगली, काही नाही. कुणालाही नाव ठेवायचं नाही, हा शेडचा नियम होता. शेवंताबाई आल्या की तो गुपचूप मोडत, पण फक्त मनात.

पुढच्या हिवाळ्यात बिसाहूचा फोन आला. सोडलेल्या जागेच्या आसपास ताजी बिळं दिसून राहिली, म्हणाला. पद्मजाने नाही नाही म्हटलं, आणि रविवारी गेली.

दुपारभर ते एका वाळलेल्या नाल्याच्या काठाला बसून होते. ऊन उतरलं, झाडांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या. परत निघू, असं पद्मजा म्हणणार, तेवढ्यात पलीकडची पानं वाजली. एक सालखपरी नाल्यात उतरली. अंगापिंडाने मोठी. उभी राहिली, पंजे छातीशी धरून. वारा तिच्याकडेच वाहत होता. पद्मजाचा वास तिला आलाच असणार. सालखपरीने तोंड त्या दिशेने वळवलं, थोडा वेळ हुंगलं, आणि नाला ओलांडून आपल्या वाटेने चालू लागली.

"ओही हे का, मॅडम?" बिसाहूने कुजबुजत विचारलं.

पद्मजाने पुष्कळ पाहिलं. चाल पाहिली, पाठ पाहिली, शेपटीचं टोक पाहिलं. सगळं ओळखीचं होतं आणि कशावरच बोट ठेवता येत नव्हतं. ती असेल, तिचीच कुणी असेल, या जंगलातली कधीची असेल.

"पता नहीं, भैया," ती म्हणाली. आणि हे म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं की ती तशीच बसून राहिली. बिसाहू जीपकडे जाऊन परत आला, तरी ती तिथेच होती.